चार बोटं कमी

माझ्या मुलीची सायकल मी तिच्या टी-शर्टच्या मापावरून मागवली. हे पहिल्याच ओळीत कबूल करून टाकतो. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ही गोष्ट मिळतेच, तुम्हालाच उशिरा कळून काय फायदा?

झालं असं, की दिवाळीच्या आधी मोबाइलवर सायकलींचा सेल लागला. मृणालला डोंगरात चालवायची सायकल हवी होती, जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली. तिला न सांगता मागवायची आणि पाडव्याला समोर उभी करायची, असा माझा बेत. फोटो पसंत पडला, रंग पसंत पडला, आणि मग मोबाइलने विचारलं, स्मॉल, मीडियम, लार्ज की एक्स्ट्रा लार्ज? मी जरा अडखळलो. उठलो, तिचं कपाट उघडलं आणि टी-शर्टांच्या गळ्यामागच्या पट्ट्या उलटून पाहिल्या. दोन मीडियम, एक लार्ज. बहुमताने मीडियम मागवली. सत्तावीस वर्षं मी विम्याच्या कचेरीत लोकांच्या अर्जांतल्या चुका शोधतोय, हेही इथेच सांगून ठेवतो.

मृणाल पाच फूट अकरा इंच आहे. मी पाच फूट पाच. उंची तिने आजोळहून आणली, माझ्याकडून फक्त चष्मा घेतला. पाडव्याच्या सकाळी सायकल चाळीच्या गॅलरीत उभी राहिली, पोरगी आनंदाने तिच्यावर बसली आणि तिचे गुडघे थेट हँडलला भेटायला गेले. शेजारच्या वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "छान आहे हो. धाकट्यासाठी का?" आम्हाला धाकटा नाही.

मग मी सीट वर काढली. सीटच्या दांड्यावर एक आडवी रेघ असते, तिच्यावर दांडा काढू नका असं लिहिलेलं असतं. मी ते वाचलं. पण पॉलिसीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे छापलेलं असतं ते मीच रोज लोकांना देतो, आणि ते कोणी वाचत नाही हेही मला ठाऊक आहे, त्यामुळे मी त्या रेघेला तेवढाच मान दिला. दांडा रेघेच्या चार बोटं वर काढला, पाना आवळला आणि हात झटकले.

त्या सायकलवर ती अकरा महिने फिरली. रविवारी पहाटे पाचसहा मित्रमैत्रिणींबरोबर शहराबाहेरच्या डोंगरवाटांना जायची, दुपारी परत यायची आणि जिन्याच्या पायरीवर गुडघ्याला बर्फ लावून बसायची. मला एका शब्दाने बोलली नाही. पुढे विचारलं तर म्हणाली, "तू किती हौसेनं आणली होतीस, बाबा." ऑक्टोबरात गुडघा सुजला तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाय हलवून बघितला आणि सांगितलं की एकतर सायकल दुरुस्त करा, नाहीतर खुंटीला टांगा.

डिसेंबरात त्यांच्या ग्रुपची सह्याद्रीतली चार दिवसांची फेरी ठरली होती. गेली दोन वर्षं तिच्या तोंडी त्या फेरीशिवाय विषय नव्हता. त्या संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, "जाऊ दे ना बाबा. मी नाही जात. माझ्या मापाचं काही नसतंच."

हे बोलणं नुसतं सायकलीपुरतं नव्हतं, ते मला कळलं. सातवीपासून तिला शाळेने मागच्या रांगेत उभं केलं होतं. चपला पुरुषांच्या दुकानात घ्याव्या लागत. लग्नकार्यात फोटोसाठी उभं राहिलं की आमची ही हळूच तिच्या पाठीवर हात ठेवून दाबायची, "जरा वाक." आणि नातेवाइकांत पोरीची उंची सांगायची वेळ आली की ही मधले चार इंच परस्पर गिळायची. पाच सात, म्हणायची. कोणी माझ्याकडे पाहिलं तर मी पंख्याकडे पाहायचो. पोरगी हळूहळू पुढे झुकून चालायला लागली होती. एखाद्या ठेंगण्या छपराखालून सतत जात असल्यासारखी.

तर असं सगळं असताना कोणीतरी भोईवाड्यातल्या त्या काकांचं नाव सांगितलं. नाव म्हणजे पत्ता सांगितला. नाव त्यांचं मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे काका म्हणत.

देवळाच्या मागच्या गल्लीत एका चाळीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. पाटी नव्हती. आत चारसहा सायकली टांगलेल्या असायच्या, त्यातल्या एखादीचं चाक वाऱ्याने सावकाश फिरत असायचं, टिक टिक टिक, आणि रबराचा, ग्रीसचा, सोल्यूशनचा असा एक गुंगी आणणारा वास. गल्ली पूर्वेकडे तोंड करून, त्यामुळे दुपारी बारानंतर तिथे सावलीच. पण समोर, पूर्वी जिथे गिरणी होती तिथे, काचेचा टॉवर उभा राहिलाय. चारच्या सुमारास सूर्य त्या काचेवर पडायचा आणि तिथून उडी मारून या गल्लीत यायचा. एकाच दिवशी तिथे दोनदा सकाळ व्हायची. त्या दुसऱ्या उजेडात काका काम करायचे. "गिरणीने नाही दिला तेवढा उजेड ही काच देते," म्हणायचे. त्यात राग होता की आनंद, मला ओळखता आलं नाही. बहुधा त्यांना नुसता उजेड हवा होता.

स्वतः ते जेमतेम पाच फूट. कपाळ मोठं, खाकी हाफपँट, बंडी आणि गळ्यात कापडी मापपट्टी, शिंप्यासारखी. सायकलचा माणूस, पण सायकल कधी चालवायचे नाहीत. मी एकदा विचारलं. म्हणाले, "माझ्या मापाची मिळाली नाही अजून. बघतोय." सत्तरीच्या माणसाने हे इतक्या आशेने सांगितलं की मीही टांगलेल्या सायकलींत त्यांच्या मापाची शोधायला लागलो.

त्यांच्याकडे गेलेल्या माणसाला ते आधी उंची सांगू द्यायचे नाहीत. कोणी सुरुवात केलीच, की मी सहा फूट दोन, तर हात वर करून थांबवायचे. "उंची दरवाज्याला सांग रे बाबा. सायकलला डोकं कुठे लागतं? सायकलला टांग लागते, हात लागतो." मग त्याला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन यायला सांगायचे. आला, की बाकावर बसवायचे, चहा मागवायचे आणि पंधरा मिनिटं त्याच्याकडे ढुंकून पाहायचे नाहीत.

ही पंधरा मिनिटं म्हणजे त्यांचं खास तंत्र. तरुणपणी ते गिरणीत होते, तयार कापड मोजून घड्या घालायच्या खात्यात. तिथे ते एक शिकले होते. मागावरून नुकतं उतरलेलं कापड ताणलेलं असतं, तेव्हाच मोजलं तर खोटं माप येतं. त्याला रात्रभर पसरून ठेवायचं, निजू द्यायचं. निजलं की ते आपलं खरं माप सांगतं. "माणूस पण तसाच," काका म्हणायचे. "घाईत आलेला माणूस आखडलेला असतो. त्याला आधी निजवायला लागतो." एका साहेबाला ही पंधरा मिनिटं पटली नाहीत, घड्याळ दाखवायला लागला. काका म्हणाले, घाई असेल त्याने टॅक्सी करावी. साहेबाने खरंच टॅक्सी केली. पुढच्या आठवड्यात परत आला आणि मुकाट्याने बाकावर निजला.

समोरच्या टॉवरमधले दोन तरुण एकदा आले होते, दोघेही बरोब्बर सहा फूट, दोघांनाही एक्स्ट्रा लार्ज हवी होती. मी तिथेच होतो. काकांनी दोघांना बाकावर शेजारी शेजारी बसवलं. बसल्याबरोबर एकजण दुसऱ्यापेक्षा वीतभर खुजा झाला. एकाची सगळी उंची पायांत, दुसऱ्याची धडात. दोघे एकमेकांकडे असे बघायला लागले, जणू इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीत कोणी भलताच बसत होता. लांब पायांच्याला काकांनी लार्ज सांगितली. त्याला एक्स्ट्रा लार्ज घेतली असती तर हँडल गाठायला रोज नमस्कार घालावा लागला असता. दुसरा मात्र खरा एक्स्ट्रा लार्ज निघाला. फ्रेमचं माप म्हणजे नुसता सीटखालचा उभा पाइप नाही, सीटपासून हँडलपर्यंतचं अंतरही तेवढंच महत्त्वाचं, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या टी-शर्टांना कळण्यासारखं ते नव्हतंच.

आणि त्यांची ती भिंत. दुकानाच्या आत डाव्या हाताला चुन्याची भिंत, तिच्यावर कमरेच्या उंचीला पेन्सिलीच्या शेकडो आडव्या रेघा. नाव नाही, तारीख नाही. माप घ्यायची पद्धत अशी, की अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक वर सरकवून घट्ट धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर रेघ मारायची. जमिनीपासून त्या रेघेपर्यंत तुमची टांग. पुस्तक म्हणजे जुनी टेलिफोन डिरेक्टरी, खादीच्या कापडात शिवलेली. "सांभाळून हां, सगळी मुंबई आहे यात," असं प्रत्येकाला सांगायचे. गिऱ्हाईक नसलं की ते त्या भिंतीकडे बघत बसायचे. एखाद्या रेघेवर बोट ठेवून म्हणायचे, हा मूर्तीचे डोळे रंगवायचा. हा दुबईला गेला. ही पोरगी डॉक्टर झाली, हिची एक टांग पाव इंच लांब आहे, तिला अजून माहीत नाही. मी तिथे नुसता बसून राहायचो. त्या चारच्या उजेडात रेघा जराशा हलल्यासारख्या वाटायच्या, पाण्यावरच्यासारख्या, आणि मला वाटायचं की सगळा भोईवाडा कमरेपर्यंत पाण्यात उभा आहे.

बायकामुलींचं माप काका स्वतः घेत नसत. डिरेक्टरी आणि पेन्सिल तिच्या आईच्या, बहिणीच्या, मैत्रिणीच्या हातात द्यायची आणि स्वतः उंबऱ्यावर जाऊन पाठ करून रस्त्याकडे बघत उभं राहायचं, हा नियम. सोबत बाई नसली तर वरच्या मजल्यावरच्या मावशींना हाक मारायचे, पण स्वतः वळायचे नाहीत.

आम्ही तिघं पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मृणालला कोपऱ्यापर्यंत चालायला लावलं. ती गेली, आली. ती मान खाली घालून चालत होती आणि काका मान वर करून तिच्याकडे बघत होते, एवढाच काय तो संवाद. मग चहा झाला, पंधरा मिनिटं झाली. डिरेक्टरी आमच्या हिच्या हातात गेली, काका उंबऱ्यावर, मी त्यांच्या बाजूला. मागून थोडी कुजबूज, पेन्सिलीचा आवाज, आणि ही म्हणाली, झालं.

काकांनी वळून पट्टी लावली. बत्तीस इंच. ते रेघेकडे बघत राहिले. मग मृणालच्या पायांकडे. मग माझ्या सायकलकडे.

"या मापाला मीडियमच बसते," ते म्हणाले. "म्हणजे ही सायकल बरोबर आहे. मग बायचा गुडघा का दुखतो?"

मला तर एका क्षणी आनंदच झाला, की माझे टी-शर्ट बरोबर ठरले. काकांनी पट्टी परत गळ्यात घातली आणि रस्त्याकडे बघत, कोणाला उद्देशून म्हणून नाही, असं बोलले, "आमच्या खात्यात सगळे कापड ताणून जास्त दाखवायचे. कमी दाखवणारं घर आज पहिल्यांदा बघितलं." मग सायकल ठेवून जा म्हणाले. आज माप निजलेलं नाही, आठ दिवसांनी या.

घरी जाताना ही त्यांच्यावर जाम उखडली होती. सायकलवाल्याने सायकल बघावी, घरं कशाला बघायला हवीत, वगैरे. जेवताना मृणाल म्हणाली, "आई, मी गुडघे थोडे वाकवले होते." हिने भाजी वाढत विचारलं, का. ती म्हणाली, सवय आहे. हिने भाजी दोनदा वाढली.

मधल्या आठ दिवसांत मी कचेरीतून लवकर निसटून रोज काकांकडे डोकावायचो. त्यांना पोरीच्या सायकलबद्दल विचारावं, तर ते मला दुसरंच काही सांगायचे. एकदा पाऊण तास त्यांनी मला सीटचं टोक आणि कोपर यांचा संबंध समजावला. सीटच्या टोकाला कोपर टेकवायचं, हात पुढे करायचा, बोटांची टोकं हँडलच्या जवळपास पोहोचायला हवीत. मग सायकलवर दोन्ही पाय टेकून उभं राहायचं, तिच्या वरच्या आडव्या दांड्यात आणि आपल्यात मूठभर जागा सुटायला हवी. डोंगरातल्या सायकलला थोडी जास्तच, कारण डोंगरात माणूस उतरतो तो विचारून उतरत नाही. मी माझ्या मुठीकडे बघत म्हटलं, म्हणजे प्रत्येकाची मूठ वेगळी. ते इतके खूश झाले की त्यांनी मला स्वतःच्या हाताने सुपारी कातरून दिली. वर्षभरात सायकलबाबत मी केलेलं ते एकमेव बरोबर विधान.

दुसऱ्या एका दिवशी मी नको ते विचारलं. म्हटलं, काका, माप खोटं आहे हे तुम्हाला कळलंय, तर अंदाजानेच मोठी फ्रेम देऊन टाका ना. पोरीची फेरी महिन्यावर आली. त्यांनी काम थांबवलं. म्हणाले, देईन की. माझा डोळा खोटा नाही. पण मी दिली तर ती माझी सायकल होईल. तिच्या घराने तिचं माप दिलं, तर तिची होईल.

त्या वेळी मला हे जरा जास्तच वाटलं. वयस्क माणसाचा हेका, असं म्हणून मी सोडून दिलं. आज ते दुकान नाही. चाळ नव्या बांधकामासाठी रिकामी झाली आणि काका कणकवलीकडे आपल्या गावी गेले. जाताना त्यांनी फक्त ती डिरेक्टरी नेली म्हणे. मी भिंत बघायला गेलो तेव्हा तिथे पत्रे लागले होते. पत्र्यांवर पुढे येणाऱ्या इमारतीचं चित्र होतं, त्यात माणसं फिरत होती, सगळी एकाच उंचीची.

आठव्या दिवशी आम्ही परत गेलो. शनिवार होता. मृणाल यायला तयार नव्हती. ग्रुपमध्ये ती नाही सांगून मोकळी झाली होती, आता फक्त सायकल परत आणायची होती. हिच्या येण्याचं कारण म्हणजे काहीतरी मसाला दळायचा होता. पिशवी हातात, चेहरा घट्ट.

काकांनी बसायलाही सांगितलं नाही. सायकल स्टँडला लावलेली, सीट आणि सीटचा दांडा बाहेर काढलेला. त्यांनी हिला जवळ बोलावलं. जिथे दांडा फ्रेमच्या पाइपात शिरतो तिथे बोट दाखवून म्हणाले, "ताई, इथे नख फिरवा."

हिने पिशवी खाली ठेवली. चष्मा वर केला. काही दिसत नव्हतं, रंग तसाच चकचकीत. तिने अंगठ्याचं नख पाइपाच्या कडेवरून फिरवलं. एका ठिकाणी ते अडकलं. तिने परत फिरवलं, परत अडकलं. केसाएवढी चीर होती, पाइपाच्या मागच्या बाजूने खाली उतरणारी.

"फ्रेम चार बोटं कमी पडली की दांडा चार बोटं वर जातो," काका म्हणाले. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगितल्यासारखा. "सगळं वजन मग या कडेवर. गुडघ्याचं डॉक्टर बघतील. पण घाटात, उतारावर हे सुटलं असतं तर मी काय आणि डॉक्टर काय."

मी वर काढलेला दांडा. मी आवळलेला पाना. पण हिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिचं नख अजून त्या चिरेवर होतं, आणि ती मृणालकडे बघत होती, तिच्या पायांपासून हळूहळू वर. मला आठवतं, तेवढ्यात समोरच्या काचेवर ऊन आलं आणि गल्लीत ती दुसरी सकाळ झाली. सगळं थोडं सोनेरी, थोडं खोटं वाटणारं. वरच्या टांगलेल्या चाकाची सावली जमिनीवर फिरत होती.

हिने भिंतीजवळ जाऊन डिरेक्टरी उचलली. काकांनी पेन्सिल दिली आणि ते उंबऱ्यावर जाऊन पाठमोरे उभे राहिले. मीही गेलो. आम्ही दोघं, एक पाच फूट आणि एक पाच फूट पाच, रस्ता बघत उभे. समोरून पिठाच्या गिरणीवाला पोतं घेऊन गेला. मागे चपला काढल्याचा आवाज आला. मग हिचा आवाज.

"मृणाल, सरळ उभी राहा."

मागे डिरेक्टरी भिंतीला घासत वर सरकल्याचा आवाज.

"अजून सरळ. गुडघे ताठ. वर बघ. मी धरलंय."

आयुष्यात पहिल्यांदा मी हे वाक्य तिच्या तोंडून ऐकत होतो. दहा वर्षं त्या पोरीला वाकायला सांगणारा हाच आवाज. पेन्सिल भिंतीवर घासली, एकदाच, लांब. काका अजूनही रस्त्याकडेच बघत होते. मला हळूच म्हणाले, "दोन बोटं लेकीने वाकून चोरली होती, दोन बोटं आईने रेघ खाली मारून. मागच्या वेळीच कळलं."

पट्टी लावली, पस्तीस इंच.

मी उत्साहाने म्हटलं, म्हणजे एक्स्ट्रा लार्ज. एक चूक करून थांबणारा माणूस मी नाही. काकांनी मृणालला बाकावर बसवलं, तिचं धड मापलं, मग कोपर आणि बोटं. उंची पायांत होती. लार्ज, म्हणाले, आणि सीटचा लांब दांडा, पण रेघेच्या आत. आतून त्यांनी एक निळी फ्रेम काढली. त्या टॉवरमधल्या लांब धडाच्या तरुणाने कधीकाळी चुकून घेतलेली लार्ज, काकांकडे मोडीत ठेवलेली. त्यांनी ती कोणासाठी ठेवली होती हे मी विचारलं नाही. माझ्या सायकलची चाकं, शॉकअप, हँडल सगळं त्यांनी दोन तासांत तिच्यावर चढवलं. मृणाल शेजारी बसून पाने देत होती. मधे त्यांनी तिला दांड्यावरची रेघ दाखवली आणि म्हणाले, हिच्या आत राहायचं गो बाय, बाकी जगात कुठेही जा.

मग ती उभी राहिली, वरचा दांडा दोन पायांमध्ये घेऊन. खाली मूठभर जागा. काकांनी स्वतःची नव्हे, तिचीच मूठ मोजायला लावली. ती सीटवर बसली, टाच पेडलला टेकली आणि पाय सरळ झाला. पाठ आपोआप उघडली. तिने हँडल धरलं तेव्हा ते तिच्यासाठीच तिथे ठेवल्यासारखं होतं. गल्लीतून ती निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, परत आली, परत गेली. तिसऱ्यांदा आली नाही. फोन आला की मी जरा शिवडीच्या खाडीपर्यंत जाऊन येते, आणि बाबा, त्या ग्रुपवाल्यांना तूच फोन करून सांग की मी येतेय. मला आता थांबायचं नाही.

काका हात पुसत म्हणाले, "आता निजलं माप." आणि आत जाऊन भिंतीवरच्या त्या नव्या रेघेसमोर बसले, आमचा निरोप घ्यायचं विसरून.

आम्ही दोघं चालत घरी निघालो. मसाला दळायचा राहिलाच होता, पण कोणी त्याचं नाव काढलं नाही. ऊन काचेवरून उतरत होतं. चालता चालता मला काहीतरी वेगळं जाणवायला लागलं आणि ते काय आहे ते कळेना. रस्ता तोच, पिशवी तीच. मग लक्षात आलं, की हिच्याशी बोलताना मी मान वर करतोय. पंचवीस वर्षं माझ्या खांद्याला खांदा लावून चालणारी बाई त्या संध्याकाळी माझ्यापेक्षा चांगली दोन इंच उंच होती. मी थांबलो. तीही थांबली. तुझी उंची नक्की किती गं, मी विचारलं. विम्याच्या अर्जात तिची उंची मीच भरली होती.

ही थोडी हसली. समोर, मृणाल गेली त्या बाजूला बघत म्हणाली, "आपल्या लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत मी एक गुडघा मुडपून उभी आहे. शालू होता म्हणून कोणाला दिसलं नाही. आता नाही हो मुडपणार. दुखतो."